टीपी-लिंक टीएल-एसजी१०८ई: सर्व्हरची लाइन तपासायला हा छोटा स्विच किती कामाचा?

आठ गिगाबिट पोर्ट (वायर खोचायच्या जागा, वेग १००० एमबीपीएस), पत्र्याचा डबा, आत पंखा नाही, बाहेर छोटा अडॅप्टर. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ई हा नेटवर्क स्विच, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर वायरीनं एकमेकांना जोडणारा डबा, दिसायला साध्या टीएल-एसजी१०८ सारखाच आहे. किमतीत मात्र काही शे ते हजारभर रुपयांचा फरक पडतो. तो फरक मोजावा का, एवढाच प्रश्न. उत्तर आधीच सांगतो: ज्या ऑफिसात एकच सर्व्हर आहे आणि त्याच्यावर सगळं काम अडतं, तिथं जरूर मोजावा. वेग दोन्हींचा सारखाच आहे. पण सर्व्हर आणि स्विच यांच्यामधल्या वायरीत काय चाललंय ते हा स्विच दाखवतो, साधा दाखवत नाही.

बेळगाव जिल्ह्यात असली ऑफिसं भरपूर. उद्यमबागेतली मशीन शॉप, निपाणी-संकेश्वरकडच्या पतसंस्था, खानापूरच्या शाळांची कार्यालयं. एक टॉवर सर्व्हर, त्यावर टॅली किंवा संस्थेचं सॉफ्टवेअर, आणि आठ-दहा कॉम्प्युटर. ‘सर्व्हर सापडत नाही’ असा फोन आला की निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटर. माणूस येईपर्यंत काउंटर बंद. अशा वेळी फोनवरून एखाद्या कारकुनाला ब्राउझर उघडायला सांगून स्विचच्या पानावरचे चार आकडे वाचून घेता आले, तर निम्मा बिघाड तिथंच कळतो. या यंत्राची खरी किंमत ती आहे.

सुरुवातीची मांडणी सोपी आहे, फक्त क्रम पाळा. स्विच आधी एकटा लावा, जाळ्यात जोडू नका. नेटवर्कमध्ये डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ता देणारी सोय) नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो. अनेक राउटरांचाही तोच पत्ता असतो, त्यामुळे दोघं एकत्र लावले की आपण कुणाच्या पानावर आहोत हेच समजत नाही. लॅपटॉपला १९२.१६८.०.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या, पान उघडा, पासवर्ड लगेच बदला आणि स्विचला ऑफिसच्या रेंजमधला मोकळा, कायमचा पत्ता द्या. तो पत्ता चिठ्ठीवर लिहून डब्याच्या वर चिकटवा. फोनवर विचारायची वेळ येते तेव्हा पहिला अडथळा हाच असतो की पत्ता कुणालाच माहीत नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बदल केल्यावर ‘अप्लाय’ दाबलं की सेटिंग लागू होतं, पण कायमचं होत नाही. मेन्यूत ‘सेव्ह कॉन्फिग’ वेगळं आहे, ते दाबावंच लागतं. नाहीतर हेस्कॉमची लाइट गेली आणि आली की स्विच जुन्या सेटिंगवर परत. ‘काल चालत होतं, आज सकाळपासून बंद’ या तक्रारीमागे हे कारण अनेकदा निघतं. आपल्याकडं पावसाळ्यात लाइट जाणं-येणं रोजचंच, त्यामुळे इथं हा दोष पुस्तकात वाचून वाटतो त्यापेक्षा जास्त बोचतो. सेव्ह केल्यावर ‘सिस्टीम टूल्स’मधून बॅकअपची फाइलही काढून ठेवा.

लाइटचा विषय निघालाच आहे तर, सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या साध्या प्लगवर, अशी मांडणी फार ठिकाणी दिसते. लाइट गेल्यावर सर्व्हर चालू राहतो आणि त्याला पलीकडची लिंक तुटलेली दिसते. इन्व्हर्टर वळायला क्षणभर लागतो तेवढ्यातही स्विच रीस्टार्ट होतो. लॉगमध्ये लिंक गेल्याची नोंद पाहून लोक नेटवर्क कार्ड बदलायला निघतात. स्विचला वीज अगदी थोडी लागते. त्याचा अडॅप्टर सर्व्हरच्याच यूपीएसवर लावा. अडॅप्टर बदलावा लागला तर डब्यावर छापलेलं व्होल्टेज जुळवूनच घ्या. वेगवेगळ्या आवृत्त्यांना वेगळं असू शकतं आणि पिन मात्र सहज बसते.

आता मुख्य काम. सर्व्हर दिसत नाही किंवा रडतखडत चालतो, तेव्हा पहिलं पान ‘पोर्ट सेटिंग’. तिथं प्रत्येक पोर्टसमोर आपण ठरवलेला वेग आणि प्रत्यक्षात मिळालेला वेग असे दोन रकाने असतात. सर्व्हरच्या पोर्टसमोर प्रत्यक्ष वेग १००० फुल असायला हवा (फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीनं; यालाच डुप्लेक्स म्हणतात). ‘लिंक डाउन’ असेल तर वायर, पोर्ट किंवा कार्ड. १०० फुल असेल तर नव्वद टक्के वेळा वायरच बघायची, कारण गिगाबिटला वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि १०० एमबीपीएसला फक्त दोनच: पिन १-२ आणि ३-६. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की काही कार्डं शहाणपणानं १०० वर उतरतात. काही उतरत नाहीत. ती गिगाबिटचा हट्ट धरून सारखी जोडत-तुटत राहतात. म्हणून एकाच वायरीवर एका सर्व्हरची लिंक मंद चालते आणि दुसऱ्याची लागतच नाही. हे माहीत नसलं की दुसरा सर्व्हर खराब ठरतो.

१०० हाफ दिसलं तर प्रकरण वेगळं. कुणीतरी सर्व्हरच्या कार्डावर वेग हातानं १०० फुल असा पक्का केला आहे आणि स्विच ऑटोवर आहे. पक्क्या केलेल्या बाजूकडून वाटाघाटीचा निरोप येत नाही, स्विचला वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमानुसार तो हाफ धरतो. मग पिंग (सर्व्हर उत्तर देतो का ते बघणारी छोटी चाचणी) व्यवस्थित जातो, टॅली उघडतेही, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं तुंबतं. उपाय एकच: दोन्ही बाजू ऑटो. विंडोजमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीतल्या ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ मध्ये ऑटो निगोशिएशन, लिनक्सवर एथटूल या कमांडनं तसंच. गिगाबिटला वाटाघाटी लागतेच, त्यामुळे वेग पक्का करून काही साधत नाही.

यापुढचं पान ‘पोर्ट स्टॅटिस्टिक्स’, आणि आमच्या मते या स्विचचे पैसे इथंच वसूल होतात. प्रत्येक पोर्टसाठी चार आकडे: पाठवलेली चांगली पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे), पाठवलेली खराब, आलेली चांगली, आलेली खराब. पद्धत अशी. ‘क्लिअर’ दाबून आकडे शून्य करा. एखाद्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर एक जीबीची फाइल टाका आणि तीच परत आणा. एक जीबी म्हणजे दीड हजार बाइटांच्या हिशोबानं सुमारे सात लाख पॅकेट. आता ‘रिफ्रेश’. सर्व्हरच्या पोर्टवर आलेल्या खराब पॅकेटचा आकडा शून्यच पाहिजे. दोन-चार नव्हे, शून्य. चांगल्या तांब्याच्या वायरीवर दहा-वीस मीटरमध्ये एवढ्या पॅकेटांत एकही खराब होऊ नये. पन्नास-शंभर दिसली तर वायर, क्रिंपिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे, मग लिंक १००० दाखवत असली तरी.

एक बारकावा बऱ्याच जणांकडून सुटतो. स्विचवरचा आलेल्या खराब पॅकेटचा आकडा फक्त सर्व्हरकडून स्विचकडे येणाऱ्या दिशेचा असतो. स्विचकडून सर्व्हरकडे जाताना जे खराब होतं ते सर्व्हरच्या कार्डालाच कळतं. स्विच त्या बाजूनं निर्धास्त शून्य दाखवतो. म्हणून दोन्ही टोकं वाचायची. लिनक्सवर एथटूलला कॅपिटल एसचा पर्याय दिला की आकडे येतात, त्यात सीआरसी एररची, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटची, ओळ बघा. विंडोज सर्व्हरवर पॉवरशेलमध्ये कार्डाची आकडेवारी मिळते. एका दिशेला खराब आणि दुसऱ्या दिशेला शून्य असेल तर दोष बहुतेक एका टोकाच्या क्रिंपमध्ये किंवा एका पोर्टमध्ये. दोन्हीकडे खराब असेल तर आख्खी वायर संशयात.

फाइल कॉपीचा वेळही बोलका असतो. डिस्क साथ देत असेल तर गिगाबिटवर एक जीबी दहा-बारा सेकंदांत जाते, १०० एमबीपीएसवर दीड मिनिट लागतं. काउंटरवरच्या माणसाला फोनवर एवढंच विचारलं तरी कुठं बघायचं ते ठरतं.

खराब पॅकेट दिसली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पॅच कॉर्ड (टोकाची छोटी वायर), मग स्विचवरचा पोर्ट, मग सर्व्हरवरचा दुसरा पोर्ट. प्रत्येक बदलानंतर क्लिअर, कॉपी, रिफ्रेश. तिन्ही एकदम बदलली तर चालू होतं खरं, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि तीच खराब कॉर्ड ड्रॉवरमध्ये जाऊन महिन्याभरानं दुसरीकडं लागते. खराब निघालेली कॉर्ड दोन तुकडे करूनच टाका.

सर्व्हरवरचा पोर्ट बदलताना एक नजर टाका: डेल, एचपीच्या सर्व्हरांना मागं एक जादा पोर्ट असतो, तो आयड्रॅक किंवा आयलोचा, म्हणजे दुरून देखभाल करण्याचा. त्यात वायर घातली तर दिवा लागतो, स्विचवर लिंकही दिसते, पण विंडोजला काहीच मिळत नाही. पाना वा स्पॅनरचं चित्र किंवा छापलेलं नाव बघून खात्री करा.

‘केबल टेस्ट’ हे तिसरं पान. पोर्ट निवडा, टेस्ट दाबा, आणि ते नॉर्मल, ओपन, शॉर्ट असा निकाल आणि दोष किती मीटरवर आहे ते सांगतं. वायरीत एक स्पंद सोडून तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढलं जातं. पाच-सातशे रुपयांचा दिव्यांचा टेस्टर तार जोडलेली आहे की नाही तेवढं सांगतो, अंतर सांगत नाही. शेडच्या छतातून गेलेली पन्नास मीटर वायर कुठं उंदरानं कुरतडली ते शोधताना हे अंतर फार उपयोगी पडतं. पण याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. अंतरात एक-दोन मीटरचा फरक धरून चाला. चाचणीच्या वेळी लिंक क्षणभर तुटते, म्हणून कामाच्या वेळात सर्व्हरच्या पोर्टवर ती चालवू नका. टॅलीत कुणी नोंद करत असेल तर ती अडकेल. पलीकडचं टोक मोकळं सोडलं तर निकाल जास्त भरवशाचा येतो. तेव्हा ‘ओपन’ आलं आणि अंतर वायरीच्या खऱ्या लांबीएवढं आलं, तर वायर ठीक.

एक दोष मात्र दिव्यांचा टेस्टरही पकडत नाही आणि ही चाचणीही हमखास पकडेल असं नाही: जोड्या चुकवून केलेलं क्रिंपिंग. दोन्ही टोकांना तारा एकाच क्रमानं लावल्या, पण ३ आणि ६ या पिनांना एकाच पिळाची जोडी गेली नाही. आठही दिवे क्रमानं लागतात, तरी खराब पॅकेट येतात. क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी बसते, हे ज्यांना विचित्र वाटतं तेच ती चूक करतात. पीळ टोकाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका.

वायर घेतानाच बघून घ्या. बाजारात स्वस्त कॅट ६ म्हणून मिळते ती पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असते. तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी चमक दिसली की ती परत करा. अशी तार क्रिंपपाशी वाकली की तुटते, आणि एकदा नव्हे, दर काही महिन्यांनी तुटते. भिंतीतली ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर ही मर्यादाही तांब्याचीच धरलेली आहे.

उद्यमबागेत आणखी एक त्रास आहे, तो फाउंड्रीच्या धुळीचा. लोखंडाची बारीक पूड आणि मशीनच्या कूलंटची वाफ मोकळ्या पोर्टांत जाऊन बसते. खानापूर भागात पावसाळ्यातल्या दमट हवेनं पिनांवर काळपट थर चढतो. लिंक लागते, मधेच १०० वर उतरते, वायर हलवली की परत १०००. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच वीज द्या. मोकळ्या पोर्टांना रबरी टोप्या लावा. हा स्विच बिनपंख्याचा असल्यामुळे धूळ आत ओढून घेत नाही, हे इथल्या शेडसाठी मोठं सोयीचं. बंद पेटीत ठेवायलाही त्यामुळे अडचण नाही, फक्त वर काही रचून ठेवू नका.

व्हीलॅनच्या, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी जाळी पाडण्याच्या, बाबतीत हा स्विच सावधपणे वापरायला लागतो. ८०२.१क्यू व्हीलॅनमध्ये पोर्ट टॅग्ड की अनटॅग्ड (बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर व्हीलॅनचा क्रमांक लावायचा की नाही) हे एका पानावर ठरतं आणि पीव्हीआयडी (बिनक्रमांकाचं पॅकेट आत आलं तर कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं ते) दुसऱ्याच पानावर. सर्व्हरचा पोर्ट व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड केला आणि पीव्हीआयडी १ च राहिला, तर काय होतं बघा: व्हीलॅन २० मधल्या कॉम्प्युटरची हाक सर्व्हरपर्यंत पोचते, पण सर्व्हरचं उत्तर स्विच व्हीलॅन १ मध्ये टाकतो. लिंक १०००, खराब पॅकेट शून्य, दोन्हीकडचे आकडे वाढताहेत, आणि पिंग मात्र जात नाही. अशी लक्षणं दिसली की वायरीला हात लावू नका, पीव्हीआयडी बघा. सर्व्हर हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्सवर (एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणारी सॉफ्टवेअर) असून स्वतःच टॅग लावत असेल तर तो पोर्ट टॅग्डच पाहिजे. पहिल्या काही आवृत्त्यांत पोर्ट व्हीलॅन १ मधून काढताच येत नव्हता, म्हणून जुना माल घेताना डब्याखालची आवृत्ती वाचा. फर्मवेअरही (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) त्याच आवृत्तीचं चढवायचं.

दोन वायरी एकत्र बांधायच्या असतील तर अजून जपून. यात लॅग (अनेक वायरींची एक मोळी) आहे, पण तो स्थिर प्रकारचा, दोन्ही टोकांनी आपसात बोलून जुळवायचा एलएसीपी नाही. सर्व्हरवर ८०२.३एडी, म्हणजे एलएसीपीचा, बाँड केला आणि स्विचवर हा लॅग, तर सर्व्हर एकच वायर वापरतो आणि स्विच दोन्हींवर पॅकेट वाटतो. परिणाम चमत्कारिक दिसतो: काही टेबलांना सर्व्हर मिळतो, शेजारच्या टेबलाला मिळत नाही, आणि तेच टेबल दर वेळी अडतं. विंडोजच्या टीमिंगमध्ये ‘स्टॅटिक’ निवडा, लिनक्सवर बॅलन्स-एक्सओआर. फक्त एक वायर गेली तर दुसरी चालावी एवढंच हवं असेल तर लिनक्सवर ॲक्टिव्ह-बॅकअप किंवा विंडोजवर ‘स्विच इंडिपेंडंट’ घ्या आणि स्विचवर लॅग अजिबात करू नका. छोट्या ऑफिसला हाच पर्याय बरा.

‘पोर्ट मिरर’ ही सोय या किमतीत मिळणं विशेष. सर्व्हरच्या पोर्टची नक्कल मोकळ्या पोर्टवर घ्या, तिथं लॅपटॉप लावून वायरशार्क (पॅकेट वाचणारं सॉफ्टवेअर) चालवा. कॉम्प्युटर सर्व्हरचा पत्ता विचारतोय आणि दोन वेगळ्या कार्डांकडून उत्तर येतंय, म्हणजे आयपी पत्ता दोघांना एकच दिला गेलाय. उत्तरच येत नाही, म्हणजे सर्व्हरपर्यंत हाक पोचत नाही किंवा तो दुसऱ्या व्हीलॅनमध्ये आहे. काम झालं की मिरर बंद करायला विसरू नका. ‘लूप प्रिव्हेन्शन’ मात्र पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा. एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली की आख्खं ऑफिस बंद पडतं, ते त्यानं टळतं.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. पान साध्या एचटीटीपीवर चालतं, पासवर्ड उघड्यावरून जातो. म्हणून पाहुण्यांचं वायफाय या स्विचच्या पत्त्यापर्यंत पोचू देऊ नका. एसएनएमपी (दुरून आपोआप नजर ठेवायची सोय) नाही, कमांड लाइन नाही, स्पॅनिंग ट्री (अनेक स्विचांमधला लूप टाळणारी सोय) नाही. कुठल्या पोर्टवर कुठलं कार्ड आहे ती मॅक पत्त्यांची (कार्डांच्या स्वतःच्या क्रमांकांची) यादी आमच्या पाहण्यातल्या आवृत्त्यांत दिसत नाही, आणि सर्व्हर शोधताना तिची उणीव खरोखर भासते. लॉग नसल्यामुळे रात्री दोन वाजता लिंक तुटली का, ते स्विच सांगणार नाही. सर्व्हरच्या लॉगमध्येच बघावं लागतं. फायबरचा पोर्टही नाही. ऑफिस आणि शेड वेगवेगळ्या इमारतींत असतील तर मधे तांब्याची वायर टाकूच नका, वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. तिथं फायबर आणि एसएफपी (फायबर लावायच्या) पोर्टचा स्विच घ्या, हा घेऊ नका.

दोन-तीन सर्व्हर, एलएसीपी, पंचवीस-तीस कॉम्प्युटर असलेल्या संस्थेनं यात पैसे घालू नयेत; त्यांना पूर्ण मॅनेज्ड स्विचच लागेल. दहाच्या आत कॉम्प्युटर असलेल्या ऑफिसनं मात्र साधा स्विच काढून सर्व्हरपाशी हा बसवावा, बाकी टेबलांचा साधा स्विच याच्या एका पोर्टला जोडावा. विकत घेताना बेळगावात किंवा कोल्हापुरात, जिथं घ्याल तिथं, नावातलं शेवटचं ‘ई’ आणि आवृत्ती बिलावर लिहून घ्या. दुकानात विचारल्यावर ‘दोन्ही सारखेच’ म्हणून साधा हातात देतात, आणि साध्याला ब्राउझरमध्ये उघडायचं पानच नसतं.